स्मरणिकेतील चार शब्द: अनुवाद करावा की तसेच ठेवावेत?

अंत्रुजवासी (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या देवस्थानाची स्मरणिका सध्या तयार होत आहे. गावची बरीच मुले आता लिस्बन, लंडन आणि आखाती देशांत असून त्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून शेवटची तीसेक पाने इंग्रजीत असावीत असे समितीने ठरवले. मी हायस्कुलात बरीच वर्षे मराठी शिकवले, एवढ्या भांडवलावर हे अनुवादाचे काम माझ्याकडे आले आहे. बहुतेक मजकूर सरळ उतरला, पण चार शब्दांपाशी मी गेले दोन आठवडे थांबले आहे: गाऱ्हाणे, प्रसाद, ओटी आणि माटोळी (चवथीला गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट).

यांपैकी ‘प्रसाद’ शब्दाचा घोळ सर्वांत विचित्र आहे, कारण हा शब्द इंग्रजी वाचकाला आधीच ठाऊक आहे आणि तो ठाऊक असण्यानेच अडचण होते. त्याच्या लेखी प्रसाद म्हणजे देवळात हातावर मिळणारा गोड पदार्थ. आपल्याकडे मात्र देवाला ‘प्रसाद लावतात’. म्हणजे मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न मांडतात आणि पाकळी उजवीकडची आधी पडते की डावीकडची, यावरून देवाचे उत्तर समजून घेतात. ‘आजोबांनी प्रसाद घेतल्याशिवाय घराचा पाया घातला नाही’ या वाक्यावरून लिस्बनमधील नातवाला वाटेल की आजोबा शिरा खाऊन कामाला लागले.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, ज्या शब्दाला परभाषेत प्रतिशब्द नाही त्यातच आपल्या संस्कृतीचा गाभा असतो. म्हणून असे शब्द तिरक्या टायपात तसेच ठेवावेत, आणि जमल्यास त्यांत निवांत या अर्थाचा ‘सुशेगाद’ही घालावा. देवस्थानाच्या स्मरणिकेत सुशेगादचे काय काम, हे मला कळले नाही, पण त्यांचा मूळ मुद्दा मला टाळता येत नाही. अनुवाद न होणारे शब्द खरोखर असतात का, आणि असल्यास त्यांतून एखाद्या समाजाची मूल्ये कळतात असे म्हणणे कितपत योग्य आहे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

पेडण्याचा वाटसरू

ताई, चारही शब्दांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण गाऱ्हाणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून तेवढ्यावर लिहितो.

प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. शब्दकोशातून अनुवाद केलात तर ‘कंप्लेंट’ येईल आणि आपण गावासमोर उभे राहून देवाविरुद्ध तक्रार करतो असा अर्थ होईल. हा अर्थ हास्यास्पद वाटतो, पण तो पूर्ण चुकीचाही नाही. आमच्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात गाऱ्हाणे घालणारा माणूस ‘बा देवा महाराजा’ अशी हाक देऊन सुरुवात करतो. मग ज्याचे काम आहे त्याचे नाव घेतो, तो कुठून आला, काय अडचण आहे ते सांगतो, आणि पुढे देवाला जवळजवळ बजावतो की, हे लेकरू तुझ्या पायाशी आले आहे, आजवर जसा सांभाळ केलास तसाच पुढेही करायचा, वाटेत काही आडवे आले असेल तर ते दूर करायचे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे ‘व्हय महाराजा’ म्हणतात.

आता याला ‘प्रेयर’ म्हणावे, तर ती माणूस एकटा, मनातल्या मनात आणि स्वतःसाठी करू शकतो. गाऱ्हाणे मनातल्या मनात घालता येत नाही, आणि आमच्याकडे सहसा कोणी स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः घालत नाही. ज्याचे काम आहे तो हात जोडून गप्प उभा असतो, बोलतो दुसरा, आणि होकार देतात तिसरेच. ‘पिटिशन’ शब्द थोडा जवळ येतो, पण अर्जाला उत्तर देणारा वरचा असतो आणि अर्जदार खालचा. आमचा देव वरचा खराच, परंतु तो गावचा मानकरीही आहे. त्याला मान मिळतो, पालखी मिळते, वर्षाचा उत्सव मिळतो, आणि त्या बदल्यात त्याच्याकडे काम आहे. गाऱ्हाण्यात त्याला त्या कामाची आठवण चारचौघांसमोर करून दिली जाते. हा हिशेब ज्या समाजात नाही तिथे शब्द कोठून येणार?

माझ्या मुंबईतील भाचीला मी हे सारे एकदा फोनवर तासभर समजावले होते आणि तिला ते समजलेही. पण गेल्या जत्रेला ती आली, तिच्या परीक्षेसाठी गाऱ्हाणे घातले गेले, आणि ऐनवेळी तिला ‘व्हय महाराजा’ म्हणायचे की गप्प राहायचे हे कळेना. अर्थ पोचला होता, तिची जागा कुठली हे पोचले नव्हते.

आगोट

मी थोडा विरोधी सूर लावतो, क्षमा असावी.

‘अनुवाद न होणारा शब्द’ असे काही स्वतंत्रपणे नसते. अमुक भाषेतून तमुक भाषेत न होणारा, एवढेच म्हणता येते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतील माझ्या एका मित्राने ‘पुरुमेंत’ हा शब्द असाच अनुवादापलीकडचा म्हणून मला सांगितला. पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून आलेला हा शब्द, पावसाळ्यापूर्वी सुके मासे, मिरच्या, सोले, मीठ, व्हिनेगर भरून ठेवायचे, त्यासाठी मे महिन्यात मडगाव, म्हापसा येथे भरणारी पुरुमेंताची फेस्ते (जत्रा), घरातील माळ्यावरची मडकी, हे सगळे त्याने मोठ्या प्रेमाने वर्णन केले आणि विचारले की याला कुठल्या भाषेत शब्द आहे. मी म्हटले, मराठीत आहे: आगोटीची बेगमी. माझी आजी चार महिने हाच घोष करीत असे. इंग्रजीला ते सांगायला एक ओळ लागते, मराठीला दोन शब्द लागतात, कारण किनाऱ्यावरचा पाऊस दोघांच्याही डोक्यावर तेवढाच पडतो. म्हणजे त्या शब्दामागे गोव्याचा आत्मा नव्हता, चार महिने नदी ओलांडता न येणे होते.

सुशेगादचे तर बोलूच नये. पोर्तुगीज ‘सोसेगादु’ म्हणजे शांत, निवांत. आमच्याकडे संध्याकाळी सगळी कामे आटोपून बाल्कांवावर (घराच्या दारापुढच्या बैठकीवर) बसलेल्या माणसाला ‘सुशेगाद बसला’ म्हणत. काम उरकलेले असणे त्या शब्दात गृहीत होते. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्यातले काम काढून टाकले आणि निव्वळ बसणे ठेवले. आता तो शब्द टी-शर्टावर छापून आपल्यालाच विकला जातो आणि बाहेरचा माणूस त्यावरून समजतो की गोमंतकीय आळशी असतो. एखाद्या शब्दात मूल्य शोधायला गेले की असेही होते: ज्याला जे मूल्य हवे असते ते त्याला सापडते. आपल्या समितीच्या सदस्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

‘सौदाद’ हाही असाच एक मिरवलेला शब्द. पोर्तुगीज लोक त्याला आपल्या जातीचा ठेवा मानतात. मराठीतील ‘हुरहूर’ त्याच्या अंगणापर्यंत जाते. फरक एवढाच की हुरहूर उद्याचीही लागू शकते, मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री आईला लागते तशी, आणि सौदाद बहुधा गेलेल्या किंवा दूर असलेल्या गोष्टीकडे तोंड करून असते. हा फरक मी वरच्या दोन वाक्यांत सांगितला ना? म्हणजे अनुवाद झालाच.

भाटातले घर (बार्देश)

आगोट यांचे म्हणणे भावना आणि वस्तू यांच्या शब्दांपुरते मला पटते. परंतु काही शब्द भावनेचे किंवा वस्तूचे नसून दोन माणसांमधील बांधिलकीचे असतात, आणि तिथे मामला वेगळा होतो. मी नोकरीतली बरीच वर्षे मामलेदार कचेरीत काढली, म्हणून माझे उदाहरण कागदपत्रांतले आहे.

‘मुंडकार’ हा शब्द घ्या. भाडेकरू म्हणावे तर तो ठरलेले भाडे देणारा नव्हे. कूळ म्हणावे तर कूळ शेत कसते, आणि मुंडकाराचा संबंध मुख्यतः घराशी. नोकर म्हणावे तर त्याला पगार नाही. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, त्याच्या संमतीने घर बांधून राहायचे, माडांवर लक्ष ठेवायचे, पडलेले नारळ गोळा करायचे, भाटकाराच्या घरी लग्नकार्य निघाले की बोलावण्याची वाट न पाहता हजर व्हायचे. मोबदल्यात डोक्यावर छप्पर आणि अडीअडचणीला भाटकाराचा आधार. गोवा मुक्तीनंतर या संबंधाला कायद्यात बसवण्याची वेळ आली आणि 1975 साली मुंडकारांना घरातून काढले जाण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. तो इंग्रजीत लिहिलेला आहे आणि त्यात शब्द ‘मुंडकार’ असाच आहे, ‘भाटकार’ही तसाच आहे, आधी दोघांच्या व्याख्या दिल्या आणि मग पुढे सगळीकडे तेच शब्द वापरले. इंग्रजीत शब्दांची टंचाई होती म्हणून हे झाले नाही. दुसरा कुठलाही शब्द घेतला असता तर त्या शब्दामागे आधीपासून असलेला दुसराच कायदा त्याच्यासोबत आत शिरला असता.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. 1526 साली आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामायिक कारभाराच्या, चालीरीती नोंदवणारा फोराल (सनद) तयार केला, तेव्हा पोर्तुगीज मजकुरात ‘गावकार’ हा शब्दच उचलून ठेवावा लागला. साडेचारशे वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या राजवटींच्या लेखनिकांनी एकाच ठिकाणी हात टेकले, याचे मला कचेरीत बसून नेहमी नवल वाटे.

आता मूल्यांविषयी. आपल्या सदस्यांना वाटते की अशा शब्दांत संस्कृतीचा गाभा असतो. असतो, हे मी मान्य करतो, पण तो गाभा दरवेळी गोडच निघेल असे नाही. माझे आजोबा मुंडकार होते. भाटकार त्यांना घरच्यासारखे वागवी, सणाला कापड देई, आजारपणात औषध देई, हे सर्व खरे आहे. आणि आजोबा त्याच्या सोप्यावर कधी बसले नाहीत, पायरीवर बसले, हेही तितकेच खरे आहे. ‘घरच्यासारखे’ आणि ‘पायरीवर’ ही दोन्ही मूल्ये त्या एका शब्दात शेजारी शेजारी राहत होती. जो कोणी त्याचा अनुवाद करील त्याने त्यांतले एकच उचलले, तर अनुवाद सुबक होईल आणि खोटा होईल.

अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांचे आभार. पेडण्याचे भाऊ, आपल्या भाचीची गोष्ट मी समितीच्या बैठकीत सांगितली आणि पाच मिनिटे कोणी बोलले नाही, हे आमच्या समितीच्या बाबतीत ऐतिहासिक आहे. आगोट यांच्या सांगण्यावरून सुशेगाद वगळला गेला आहे.

माटोळीचा प्रश्नही मला आता वेगळा दिसतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेली चौकट, एवढे इंग्रजीत सहज येते. पण तीत नारळ आणि सुपारीच्या घोसांबरोबर तोरिंग, आंबाडे, कांगले, घागऱ्या असे जे जे टांगले जाते ते रानातून कोणी आणायचे, कुठल्या डोंगरावर कुठले फळ केव्हा धरते, हे ज्याला माहीत असते त्याच्याशिवाय माटोळी होत नाही. फोंड्याच्या बाजारात चवथीच्या आधी ती फळे विकायला बसणाऱ्या रानाकडच्या बायकांना प्रत्येकीचे नाव आणि उपयोग तोंडपाठ असतो. आमच्या घरातील तरुणांना त्यांतली चार नावे सांगता येणार नाहीत. म्हणजे या शब्दाचा अनुवाद इंग्रजीत होण्याआधी आमच्याच घरात अडला आहे. येथे मी फळांची नावे गाळणार नाही, एवढे ठरवले.

रायतूरचा वाचक

उशिरा येतो आहे, पण या चर्चेत फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव अजून कसे आले नाही?

1579 साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सासष्टीत राहून मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली रायतूरला (राशोल) छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांत बायबलची कथा सांगायची, आणि तीही अशा श्रोत्यांना की ज्यांच्या कानांत आधीपासून वेगळी पुराणे आहेत! ताईंच्या चार शब्दांची अडचण त्यांना उलट्या दिशेने आणि पानोपानी आली असणार. त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. स्वर्गासाठी त्यांनी बिनदिक्कत ‘वैकुंठ’ वापरला. विष्णूचे घर ख्रिस्ताला देताना त्यांचा हात अडखळला नाही. परंतु बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची वेळ आली तेव्हा त्यांनी शब्द बाहेरचाच ठेवला. स्नान, दीक्षा, संस्कार असे कितीतरी शब्द हाताशी होते आणि त्यांच्या मराठीची जाण पाहता त्यांना ते ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

माझा तर्क असा की वैकुंठ ही मरणानंतर जाण्याची जागा आहे, आणि जागेचे वर्णन पुढच्या ओव्यांतून बदलता येते. बाप्तिस्मा ही कृती आहे; ती झाल्यावर माणूस वेगळ्या समाजाचा होतो, त्याचे नाव बदलते, त्याची कागदोपत्री नोंद वेगळी होते. दीक्षा म्हटले असते तर श्रोत्याने गुरू शोधला असता. भाटातल्या घराने सांगितलेला कायदा आणि हे पुराण एकाच वाटेने गेले आहेत. ज्या शब्दाने माणसाचे दुसऱ्याशी असलेले नाते बदलते तो शब्द अनुवादकाने उचलून तसाच नेलेला दिसतो, आणि बाकीच्यांच्या बाबतीत तो धीट होतो.

आगोट यांना एक छोटी पुरवणी. आपण गोव्यातील माणसे कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणतो त्याला सगळे जण ‘थँक यू’ समजतात. त्यात आभार कुठेच नाहीत. ऋण फेडायची जबाबदारी आपण देवावर टाकून मोकळे होतो. हा अनुवाद रोज लाखो वेळा होतो आणि रोज चुकतो, तरी कोणाचे अडत नाही.

साखळीची सून

मी इथे फक्त वाचत असते, पण ओटीबद्दल अजून कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते.

ताई, ओटी म्हणजे पदरात घातलेले खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी, असे आपण लिहाल. पण त्याआधी ओटी हा शरीराचा भाग आहे. ‘ओटीपोट’ आपण डॉक्टरांसमोरही म्हणतो. पदर पुढे धरला की तो त्याच जागी येतो. देणगी, मांडी आणि कूस या तिन्हींना इंग्रजीत तीन शब्द लागतील आणि तिन्ही मिळूनही ओटी होणार नाही. शिवाय शब्द जिथे येतो त्या वाक्यात बहुधा ‘सवाष्ण’ हाही शब्द असतो, आणि त्याचा अनुवाद ‘विवाहित स्त्री’ असा केला तर नवरा जिवंत असण्याची अट गळून पडते. ती अट गाळणे मला सोयीचे वाटते, पण खरे वाटत नाही. आपली भाषा शेवटाचे नाव घ्यायला किती भिते ते पाहा: बांगडी फुटली की आपण ‘वाढवली’ म्हणतो, नारळ फोडला तरी ‘वाढवला’ म्हणतो. जिथे नाव घ्यायचे टाळले जाते तिथे अनुवादकाने काय करायचे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

अंत्रुजवासी (फोंडा)

काल मजकूर छापखान्यात दिला. काय ठरले ते येथे नोंदवून ठेवते, कारण आपण सर्वांनी त्यासाठी वेळ दिलात.

गाऱ्हाणे हा शब्द तसाच ठेवला आणि त्याच्यासमोर अर्थ न देता एका गाऱ्हाण्याचे पाऊण पानाचे वर्णन दिले, कोण बोलतो, कोण गप्प राहतो आणि कोण होकार देतो यासह. ‘व्हय महाराजा’ कधी म्हणायचे तेही लिहिले, म्हणजे पुढच्या जत्रेला कोणाच्या भाचीची पंचाईत होणार नाही. प्रसाद या शब्दाला मात्र मी हात लावला. खाण्याच्या प्रसादाला तोच शब्द ठेवला आणि पाकळ्यांच्या प्रसादाला इंग्रजीत ‘देवाचे उत्तर’ अशा अर्थाचे साधे शब्द वापरले. समितीतील दोघांना ते आवडले नाही. त्यांचे म्हणणे, शब्द गेला. मला वाटते, आजोबांचा शिरा गेला. माटोळीखाली सत्तावीस फळाफुलांची नावे रोमन लिपीत दिली आहेत. त्यांतल्या पाच नावांसाठी मला बाजारात जाऊन विचारून यावे लागले.

ओटीच्या परिच्छेदात मूळ मराठी लेखात एकच वाक्य होते: ‘सवाष्णी देवीची ओटी भरतात.’ इंग्रजीत मी त्याला दुसरे वाक्य जोडले की, ज्या स्त्रियांचे पती हयात नाहीत त्या आमच्या गावात ही ओटी भरत नाहीत, त्या बाजूला उभ्या राहतात. अध्यक्षांनी विचारले, मूळ लेखात नसलेले वाक्य अनुवादात कसे आले. मी त्यांना सांगितले की मूळ लेखात ते ‘सवाष्णी’ या शब्दात होते, आणि गेली सहा वर्षे मी स्वतः उत्सवात कुठे उभी असते ते त्यांनी पाहिलेले आहे. त्यांनी वाक्य राहू दिले. मराठी विभागातही ते घालावे का, यावर पुढच्या रविवारी बैठक आहे.